मागचा आवाज

रेडिओवर कुठलीही हकीकत लागली की माझा कान आधी मागच्या आवाजाकडे जातो. बोलणारा काय सांगतोय ते नंतर. त्याच्या पाठीमागे भांडं पडतं, ट्राम वळताना चाकं करकरतात, कुणी कुणाला हाक मारतं, वारा माईकवर आपटतो. ते ऐकलं की हा माणूस खरोखर कुठेतरी उभा आहे, अशी खात्री पटते. रेडिओत काम करणारी माझी एक मैत्रीण सांगते, मुलाखत संपली तरी ती लगेच यंत्र बंद करत नाही. सगळ्यांना गप्प बसायला सांगते आणि त्या खोलीतली शांतता मिनिटभर नोंदवून घेते. शांतता दर खोलीची निराळी असते. कुठे फ्रिजची घरघर, कुठे जुन्या खिडकीची थरथर, कुठे नुसताच भिंतींचा पोकळपणा. पुढे कापाकापी करताना दोन वाक्यांच्या फटीत हीच शांतता भरावी लागते. दुसऱ्या खोलीतली आणून चालत नाही, कानाला ती लगेच परकी वाटते.

मला ही सवय लहानपणी लागली. २६ जानेवारीला सकाळी वडील रेडिओ लावून ठेवत. दिल्लीहून जसदेव सिंह बोलत असत. आमच्या घरात हिंदी फारसं कुणी बोलत नसे, पण त्या आवाजाचा चढउतार सगळ्यांना कळे. त्यांच्या शब्दांमागून घोड्यांच्या टापा येत, बँड जवळ येई आणि दूर जाई, गर्दीची एक मोठी लाट उठे आणि ओसरे. मी चुलीपाशी बसून ती लाट ऐकायची. वडील त्यांच्या आठवणीतलं सांगत: गांधीजींच्या अंत्ययात्रेचं वर्णन मेलविल डिमेलो यांनी जवळजवळ सात तास केलं होतं, आणि माणसं जिथे रेडिओ असेल तिथे रस्त्यावर उभी राहून ऐकत होती.

त्याच पेटीतून दुसऱ्या एखाद्या वेळी जिल्हा वार्तापत्र लागे. पाऊस कुठे झाला, कुठल्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला, कारखान्याचं गाळप कधी सुरू होणार, कुठली यात्रा कशी पार पडली. हे सांगणारा माणूस आमच्यासारखं बोलायचा. गावांची नावं तो गावकऱ्यांसारखी घ्यायचा. दिल्ली आणि जिल्हा, दोन्ही आवाज एकाच पेटीत राहत, पण त्यांची कधी गाठ पडत नसे. राजपथावरच्या त्या गर्दीत आमच्या तालुक्यातलं कुणी ना कुणी नक्की असणार, असं मला वाटायचं. नोकरीनिमित्त गेलेलं, सैन्यात असलेलं, नाहीतर सहज पाहायला गेलेलं. त्या माणसाला कुणी विचारत नसे. त्याला कुठून काय दिसलं, पायाला किती थंडी वाजली, शेजारी कोण उभं होतं, हे आमच्यापर्यंत कधी पोचलं नाही.

दोन्ही आवाज एकमेकांना भेटताना मी ऐकले ते खूप वर्षांनी, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, २००९च्या जानेवारीत.

पिट्सबर्ग हे नद्यांचं आणि चढउतारांचं गाव. अलेगेनी आणि मोनोंगाहेला इथे मिळतात आणि ओहायो होऊन पुढे जातात. पोलादाच्या भट्ट्या बहुतेक विझल्या, तरी गावाचा बाज अजून कामकऱ्यांचा आहे. त्या रविवारी, १८ तारखेला, गावच्या स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघानं बाल्टिमोरला २३-१४ असं हरवलं होतं आणि जिकडेतिकडे पिवळे टॉवेल फडकत होते. हा टॉवेलही रेडिओची देणगी. मायरन कोप नावाच्या समालोचकानं १९७५ साली ऐकणाऱ्यांना सांगितलं, सामन्याला येताना पिवळा टॉवेल घेऊन या, आणि लोकांनी तो आणला. कोप यांचा आवाज घोगरा, फाटका, समालोचकाच्या कुठल्याही साच्यात न बसणारा. गावानं तो ३५ वर्षं आपल्या घरात बसवून ऐकला. ते गेले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मंगळवारी, २० तारखेला, वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामा शपथ घेणार होते. आमच्या सार्वजनिक रेडिओ केंद्रावरून राष्ट्रीय वाहिनीचं वर्णन दिवसभर येणार होतं. त्यात एक ठिगळ गावचं असावं, असं केंद्रातल्या कुणाच्या तरी मनात आलं. त्यांनी हिल डिस्ट्रिक्टमधल्या एका बाईला गाठलं. ती पत्रकार नव्हती. एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची आणि आपल्या वस्तीबद्दल, तिथल्या दुकानांबद्दल, चर्चमधल्या जेवणांबद्दल हौसेनं लिहायची. गावातल्या लोकांबरोबर ती रात्रीच्या बसनं जाणारच होती. केंद्रानं तिच्या हातात ध्वनिमुद्रणाचं एक लहान यंत्र दिलं आणि सांगितलं, जमेल तसं बोल.

शपथविधी हा मुळात ऐकायचा विधी आहे, असं मला नेहमी वाटतं. मुकुट नाही, टिळा नाही, सिंहासन नाही. राज्यघटनेत लिहिलेले ३५ शब्द आहेत आणि ते तोंडानं उच्चारायचे आहेत. बाकीचं सगळं, ते उंच व्यासपीठ, ते झेंडे, ते लिंकनच्या १८६१च्या शपथविधीतलं बायबल, त्या शब्दांभोवती नंतर जमलेलं आहे. म्हणून रेडिओ आला तेव्हा हा विधी त्याला फार सहज मानवला असेल. १९२५ साली कूलिज यांची शपथ पहिल्यांदा रेडिओवरून देशभर ऐकली गेली. शपथ देणारे सरन्यायाधीश टाफ्ट स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते. ज्यांनी या दोघांना कधी पाहिलंही नव्हतं त्यांच्या स्वयंपाकघरात ते दोन आवाज एकमेकांमागून तेच शब्द म्हणत होते.

१९६३ साली केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी डॅलसच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानात शपथ घेतली. चित्रवाणीचा कॅमेरा आत नव्हता. पत्रांचा मजकूर सांगायला वापरतात त्या डिक्टाफोनवर न्यायाधीश सारा ह्यूज आणि जॉन्सन यांचे आवाज उतरवून घेतले गेले. शपथेला साक्षी असलेल्या मोजक्या वार्ताहरांपैकी एक सिड डेव्हिस, वेस्टिंगहाउसच्या रेडिओचे. विमान वॉशिंग्टनला निघालं तेव्हा ते त्यातून खाली उतरले आणि धावपट्टीवर थांबलेल्या बाकीच्या वार्ताहरांना आत काय झालं ते सांगितलं. त्या दिवशी सगळ्या देशाचं लक्ष उडालेल्या विमानाकडे होतं. मला मात्र खाली उतरलेला तो माणूस आठवत राहतो. आत काय घडलं ते बाहेरच्यांना कळावं म्हणून कुणाला तरी असं उतरावंच लागतं.

मंगळवारी सकाळपासून मी रेडिओ लावला होता. बाहेर बर्फ, आणि वॉशिंग्टनमध्येही शून्याखाली थंडी. गर्दीचा अंदाज १८ लाखांचा. अरीथा फ्रँकलिन गायल्या. मग इट्झाक पर्लमन, यो-यो मा, गॅब्रिएला मॉन्टेरो आणि अँथनी मॅकगिल यांचं वादन झालं. पुढे कळलं की एवढ्या थंडीत वाद्यं सुरात राहणार नाहीत म्हणून कर्ण्यांवरून दोन दिवस आधी केलेलं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं होतं. ते सूर चालू असतानाच दुपारचे बारा वाजले. घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षांची मुदत बाराच्या ठोक्याला बदलते, शपथ पुढेमागे झाली तरी. म्हणजे ज्या क्षणासाठी एवढी माणसं पहाटेपासून उभी होती तो क्षण चेलो आणि क्लॅरिनेटच्या एका साध्या धुनेत, कुणाला न कळता निघून गेला. मग सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून शब्दांचा क्रम चुकला, ओबामा क्षणभर थांबले, आणि रेडिओवर एक छोटीशी पोकळी ऐकू आली. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधल्या मॅप रूममध्ये तीच शपथ पुन्हा झाली, चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांशिवाय.

आमच्या गावच्या बाईचं बोलणं त्या वेळी आलंच नाही. नॅशनल मॉलच्या मैदानावर फोन लागत नव्हते. ते संध्याकाळी आलं, परतीच्या बसमधून, इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर. बसमध्ये मागे कुणीतरी घोरत होतं, कुणी हळू आवाजात गात होतं, मधूनच पाकीट फोडल्याची कुरकुर.

तिनं शपथेपासून सुरुवात केली नाही. ती कुठे उभी होती तिथून केली. वॉशिंग्टन स्मारकाच्या उतारावर, एका झाडाच्या मागे. मोठा पडदा झाडाआड. पुढच्या उंच माणसाच्या खांद्यावर त्याची मुलगी, आणि ती वरून खालच्या सगळ्यांना सांगत होती, आता कुणीतरी आलं, आता कुणीतरी बसलं. मग बाईनं टाळ्यांचं सांगितलं. सगळ्यांच्या हातात जाड हातमोजे होते, त्यामुळे लाखो माणसांच्या टाळ्यांचा आवाज टाळ्यांसारखा येतच नव्हता. मऊ, खोल, जमिनीतून आल्यासारखा येत होता. ते ऐकवायला तिनं यंत्र वर धरलं होतं. तेवढा तुकडा केंद्रानं जसाच्या तसा लावला.

राष्ट्रीय वाहिनीवर सकाळपासून टाळ्या ऐकू येत होत्याच. पण त्यांचे माईक व्यासपीठाजवळचे. तिथल्या टाळ्या कडक आणि स्पष्ट होत्या. उतारावरच्या त्या बिनआवाजी टाळ्या मला पहिल्यांदा ऐकू आल्या, आणि मी भांडी विसळता विसळता नळ बंद केला.

शब्दांचा क्रम चुकला तेव्हा, ती म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांना वाटलं कर्णा बिघडला. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे मिटून घेतले होते, ते तिनं उघडले नाहीत. ओठांनी ती पुढचे शब्द म्हणत होती. तिला ते पाठ होते. कुणीतरी विचारलं कुठून आलात, तर ती मिसिसिपीतल्या एका गावाचं नाव सांगून म्हणाली, नवऱ्याला यायचं होतं. त्याबद्दल पुढे कुणी काही विचारलं नाही. कुणीतरी तिच्या गुडघ्यांवर स्टीलर्सचा पिवळा टॉवेल पांघरला. हे सांगताना आमच्या बाईच्या बोलण्यात गावाचा हेल आला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, तो टॉवेल माझा होता. सगळी बस हसली.

असा काही वेळ ती बोलली. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणातलं एकही वाक्य तिनं सांगितलं नाही. ते सगळ्यांनी ऐकलंच होतं.

आवाजाच्या चालीचा मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होते. त्या थंडीत हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३३० मीटर जातो. कॅपिटल या संसदभवनाच्या पायऱ्यांपासून लिंकन स्मारक सुमारे ३ किलोमीटरवर. कर्णे नसते तर व्यासपीठावरचा शब्द तिथे पोचायला ९ सेकंद लागले असते, तोही पोचला असता तर. रेडिओचा शब्द उपग्रहापर्यंत वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद घेतो. म्हणजे रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या अंतरावर स्वयंपाकघरात उभी असलेली मी समारंभाच्या त्या दूरच्या टोकापेक्षा शपथेच्या जवळ होते. तरीही जवळ असल्याचं मला दुपारी वाटलं नाही. वाटलं ते संध्याकाळी, कित्येक तास उशिरा आलेल्या आवाजामुळे. जवळीक वेगावर अवलंबून नसते हे कळायला एवढा मोठा सोहळा आणि एवढी साधी बाई लागली.

आजोळी आषाढी झाली की वारीहून परतलेल्या माणसाच्या पाया पडायला घरोघरची माणसं येत. तो वयानं लहान असला तरी पडत. पंढरपूरला न गेलेल्यांना विठ्ठल त्याच्या पायांतून भेटतो, अशी समजूत. मग तो ओसरीवर बसून सांगायचा. विठ्ठलाबद्दल फारसं नाहीच, दर्शन क्षणाचंच. तो सांगायचा दिवेघाटातल्या पावसाचं, वाटेत कुणी पिठलं-भाकरी खाऊ घातली त्याचं, कुणाची चप्पल हरवली त्याचं. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर वारी घडल्याचं समाधान असायचं. त्या बसमधून बोलणाऱ्या बाईचं ऐकताना मला ती ओसरी आठवली. आपल्यातलं कुणीतरी गेलं आणि आलं, एवढ्यानं न गेलेल्यांचंही जाणं होतं.

त्या बाईला असं सांगणं कुठून आलं याचं उत्तर तिच्या वस्तीतच होतं, हे मला नंतर उमगलं. हिल डिस्ट्रिक्ट ही पिट्सबर्गमधली कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. १९५०च्या दशकात तिचा खालचा भाग पाडून, सुमारे ८,००० माणसं उठवून, तिथे मोठं क्रीडागृह बांधलं गेलं. ऑगस्ट विल्सन यांची बहुतेक नाटकं याच वस्तीत घडतात. ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे १९०७ साली निघालेलं वृत्तपत्र इथलंच. दक्षिणेतल्या काही गावांत ते उघड पोचू देत नसत, तेव्हा आगगाडीच्या पुलमन डब्यांतले कृष्णवर्णीय सेवक ते गठ्ठे लपवून नेत आणि पोचते करत. त्याच वृत्तपत्राचे छायाचित्रकार चार्ल्स हॅरिस, सगळं गाव त्यांना ‘टीनी’ म्हणे. गावात राष्ट्राध्यक्ष आले, खेळाडू आले, गवई आले, तर टीनींनी त्यांचे फोटो काढले, आणि त्याच कॅमेऱ्यानं लग्नं, वाढदिवस, दुकानाच्या दारात उभी माणसंही टिपली. त्यांच्या जवळजवळ ८०,००० निगेटिव्हज कार्नेगी कलासंग्रहालयात आहेत. त्यांतल्या काही मी पाहिल्या आहेत. मोठा माणूस चौकटीच्या मधोमध असतो, पण टीनींचा कॅमेरा त्याच्या आजूबाजूच्या चेहऱ्यांनाही तितकाच उजेड देतो. त्या चेहऱ्यांना पाहून वाटतं, ही माणसं आपल्या गावच्या माणसाकडे बघत आहेत. परक्या कॅमेऱ्याकडे माणूस असं बघत नाही.

अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा राष्ट्रीय वार्ताकार्यक्रम सुरू झाला तोही रस्त्यावरच्या आवाजानं. १९६७ साली जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली, म्हणजे डॅलसच्या विमानात शपथ घेतलेल्या त्याच माणसानं. १९७१च्या ३ मे रोजी राष्ट्रीय वाहिनीचा संध्याकाळचा वार्ताकार्यक्रम पहिल्यांदा प्रसारित झाला. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू होती आणि कार्यक्रमात तो रस्ता होता: पळणारे पाय, ओरडा, पोलिसांच्या गाड्या. कार्यक्रमाची कल्पना मांडणारे बिल सीमरिंग यांना देशातली माणसं आपापल्या आवाजात बोललेली हवी होती. या वाहिनीचं खरं घर वॉशिंग्टनमध्ये नाहीच. ते गावोगावच्या लहान केंद्रांत आहे. कुठे विद्यापीठाच्या तळघरात, कुठे पडीक शाळेत. वर्षातून काही वेळा ही केंद्रं वर्गणी मागतात. मीही देते. बदल्यात कापडी पिशवी मिळते, मंडईत तशीच पिशवी खांद्याला लावलेली अनोळखी माणसं भेटतात, आणि आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो.

आणि त्याही आधीची एक गोष्ट माझ्या या गावचीच आहे. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री ईस्ट पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसच्या इमारतीच्या गच्चीवर एक खोपटं उभारून केडीकेए या केंद्रानं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल सांगितले. हार्डिंग पुढे, कॉक्स मागे. ऐकणारे फार तर हजारभर. निकाल सांगता सांगता निवेदक मधूनच विनंती करत होता, हा आवाज कुणापर्यंत पोचत असेल तर कृपया कळवा. आकाशात बोलायचं आणि उत्तराची वाट पाहायची. देशाच्या राजकारणाची बातमी आणि कुणी ऐकतंय का हा प्रश्न, दोन्ही एकाच श्वासात. त्या रात्रीची उत्तरं टपालानं आली असतील. ८८ वर्षांनी परतीच्या बसमधून आलेलं ते बोलणं मला त्याच प्रश्नाचं उत्तर वाटतं. हो, ऐकतोय. आम्ही इथे झाडामागे उभे आहोत, आणि आमच्याकडून हे असं ऐकू येतंय.

२०२५च्या जानेवारीत थंडीमुळे शपथविधी कॅपिटलच्या घुमटाखाली आत झाला. असं १९८५ साली रेगन यांच्या वेळीही झालं होतं. मी रेडिओवर ऐकत होते. शब्द नीट ऐकू आले, घुमटात घुमलेही. पण उतार नव्हता, झाड नव्हतं, खांद्यावरून खालच्यांना सांगणारी मुलगी नव्हती. त्याच वर्षी जुलैत सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेला दोन वर्षांचा निधी, सुमारे १.१ अब्ज डॉलर, अमेरिकी काँग्रेसनं मागे घेतला आणि तो वाटणाऱ्या संस्थेनं आवराआवर सुरू केली. मोठ्या शहरांतली केंद्रं वर्गणीवर तगतील. खेड्यापाड्यातल्या, मूलनिवासींच्या राखीव वस्त्यांतल्या, डोंगरातल्या केंद्रांचं काय होईल, याची मला काळजी वाटते. राष्ट्राध्यक्षांचा आवाज कुठूनही पोचेल. त्याला वाटा पुष्कळ आहेत. पण कुणाच्या तरी शाळेतल्या ग्रंथपाल बाईच्या हातात एक यंत्र देऊन, जमेल तसं बोल, असं सांगणारं माणूस त्या लहान केंद्रातच बसलेलं असतं.

पुढचा शपथविधी २० जानेवारी २०२९ला. तो कुणाचा असेल ते असो. पिट्सबर्गहून आदल्या रात्री बसगाड्या सुटतीलच, त्यांत डबे असतील, घोंगड्या असतील, पिवळे टॉवेल तर असतीलच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांतलं कुणी बोलायला तयार असेल, तर इकडे फोन उचलायला कोण असेल, आणि ते मागचे आवाज न कापता, जसेच्या तसे लावायला त्याच्याकडे तेवढा वेळ असेल का?